लॅम्सीच्या मागे

दुबईत ऊद मेथाला भाड्याने घर घेतलं तेव्हा आईला सांगलीला फोन करून पत्ता कळवला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग ती हळूच म्हणाली, "ऊद आणि मेथ्या?" आमच्याकडे ऊद बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर पडतो आणि मेथ्या तिच्या लाडवांत. आईने दोन अधिक दोन केले आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "सूनबाई बरी आहे ना रे?"

बरी होती. वस्तीचं नावच तसं आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर बुरजुमानच्या पुढचं स्टेशन. सप्टेंबर २०११ मध्ये हा मार्ग सुरू झाला. आसपास इंडियन हायस्कूल, सेंट मेरीचं चर्च, इंडिया क्लब, दोन-तीन मोठी इस्पितळं आणि १९७९ सालापासूनचं अल नस्र लेझरलँड. बाहेर पंचेचाळीस अंशांत डांबर पाघळत असतं आणि लेझरलँडच्या आत शाळेतली पोरं बर्फावर घसरून कोपरं फोडून घेत असतात. घसरणं आणि फुटणं, दोन्हींसाठी आईबापांनीच पैसे मोजलेले असतात.

पत्ता सांगायची इथली रीत मात्र थेट सांगलीची. दुबई सरकारने प्रत्येक इमारतीच्या दाराशी 'मकानी' नावाचा दहा आकडी क्रमांक लावला आहे. तो फोनमध्ये घातला की माणूस बरोबर उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. हा क्रमांक मी आजवर कुणालाही कुणाला सांगताना ऐकलेला नाही. सगळे म्हणतात, "लॅम्सीच्या मागे." लॅम्सी प्लाझा हे इथलं जुनं मॉल, २०१७ सालच्या आगीनंतर बंद पडलेलं. मॉल गेलं, पण त्याचं 'मागे' अजून जागच्या जागी आहे. टॅक्सीवाला, दूधवाला, भिशी भरवणाऱ्या बायका, सगळे तिथेच भेटतात.

माझ्या मोबाइल नंबरचीही तीच कथा. मी घ्यायच्या आधी तो कुणा खानसाबांचा होता. खानसाब देश सोडून गेले, कंपनीने काही महिने वाट पाहून नंबर मला दिला, पण त्यांच्या गोतावळ्याला हे कुणी कळवलं नाही. दर उन्हाळ्यात रात्री साडेनऊला एक म्हातारा आवाज फोन करतो. "खानसाब, तीन कार्टन लाया हूँ." मी सांगतो, राँग नंबर. तो म्हणतो, "अच्छा अच्छा," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करतो.

हे सगळं मी प्रोग्रॅमिंगचा धडा म्हणून सांगतोय, यावर बायकोचा अजून विश्वास नाही.

माझा धंदा सी शार्पचा. २००२ साली मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट बाजारात आलं आणि त्याच सुमाराला मी नोकरीच्या बाजारात आलो, तेव्हापासून आमची जोडी. ही 'मॅनेज्ड' जातीची भाषा. मेमरी मागायची, वापरायची आणि विसरून जायचं. मागून गार्बेज कलेक्टर नावाचा गडी फिरत असतो, तो कुणाचं काय पडलंय ते पाहून उचलतो, पुसतो, जागा मोकळी करतो. थोडक्यात, जेवण झालं की ताट तिथेच सारून हात धुवायला उठणाऱ्या नवऱ्यांसाठी बनवलेली भाषा. (हा मजकूर बायकोने वाचला. 'बनवलेली भाषा' हे दोन शब्द काढले तरी चालेल, असं तिचं मत पडलं.)

सीमेपलीकडे 'नेटिव्ह' मुलूख, म्हणजे सी भाषेचा. तिथे आपलं ताट आपण घासायचं. घासायला विसरलात तर ढीग साचत जातो. दुसऱ्याचं घासलंत तर भांडण. एकच ताट दोनदा घासलंत तर स्वयंपाकघरच कोसळतं. वीस वर्षं मी त्या मुलखात पाऊल टाकलं नव्हतं. गरजच पडली नाही. आमच्यासाठी कुणीतरी आधीच पूल बांधून ठेवलेले असतात, आपण वरून गाडी हाकायची.

मग आमच्या धान्याच्या कंपनीने रास अल खोरच्या गोदामातला साठा मुख्य कचेरीच्या जुन्या डेटाबेसमध्ये रोज रात्री भरायचं ठरवलं. मी तयार पूल वापरून ते केलं. एक ओळ उचल, पलीकडे नेऊन ठेव, परत ये, दुसरी ओळ उचल. पंचवीस हजार ओळी. अख्ख्या पंगतीला एकेक भाताचं शीत वाढत जावं तसा तो प्रोग्रॅम रात्रभर चालला आणि सकाळी लोक कामावर आले तेव्हा भाजीपर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

आमचे वरिष्ठ एक मल्याळी गृहस्थ. सगळी कचेरी त्यांना चेट्टा म्हणते. तिसेक वर्षं दुबईत काढलेला माणूस, ऐंशीच्या दशकातली सी भाषा अजून बोटांवर. त्यांनी माझा कोड पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ओडीबीसी को सीधा बुलाओ. हजार ओळ एक साथ देने का रास्ता उधर है. तुम्हारा पूल में वो लेन ही नहीं है."

ओडीबीसी हे १९९२ सालचं मायक्रोसॉफ्टचं प्रकरण. तेव्हा प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी होती. मग ठरलं की सगळ्या प्रोग्रॅम्सनी एकाच ठराविक सी फंक्शनांमधून बोलायचं आणि मधला ड्रायव्हर ज्याच्या त्याच्या बोलीत सांगेल. डॉट नेटचा तयार पूलसुद्धा आतून हीच फंक्शनं हाक मारून बोलावतो. मी फक्त पुलाखाली उतरून पाण्यातून चालत जायचं होतं.

उतरायची पायरी दिसायला फारच साधी. चौकटी कंसात 'डीएलएल इम्पोर्ट' लिहून फाइलचं नाव द्यायचं, खाली फंक्शनचं नाव, त्याला काय काय लागतं ते, आणि शेवटी अर्धविराम. आत काही नाही. लग्नपत्रिकाच ती. कार्य दुसरीकडे आहे, आपल्याकडे फक्त मजकूर. मजकुरात कार्यालयाचं नाव चुकलं तरी छापखान्याला सोयरसुतक नसतं, तो छान सोनेरी शाईत छापून देतो. आमचा कंपायलरही तसाच. चूक कळते ती वऱ्हाड भलत्याच मांडवात शिरून जेवायला बसल्यावर.

पलीकडचा हिशेबही निराळा. मजकूर पाठवताना त्याची लांबी सांगावी लागते. मी तक्त्यात पाहिलं तर एके ठिकाणी लांबी म्हणून वजा तीन लिहायला सांगितलेलं. वजा तीन! मी सांगलीच्या कापडपेठेत लहानाचा मोठा झालो. वजा तीन मीटर खण मागितला असता तर दुकानदाराने आधी पाणी दिलं असतं. चेट्टा म्हणाले, त्याचा अर्थ, लांबी मला माहीत नाही, शेवटी शून्य दिसेपर्यंत वाचत जा. आणि लांबी म्हणून वजा एक आलं तर? "मतलब माल ही नहीं है."

मग हँडल. पलीकडे गेल्यावर आधी एक वातावरणाचं हँडल मागायचं, त्यातून जोडणीचं, जोडणीतून विधानाचं. हँडल म्हणजे एक आकडा. त्याच्या आत काय आहे हे विचारायचं नाही, तो फक्त प्रत्येक खिडकीवर दाखवायचा. हे मला पहिल्या झटक्यात समजलं, कारण माझ्या खिशात तसलंच एक आहे. एमिरेट्स आयडीचा पंधरा आकडी क्रमांक, सुरुवातीला ७८४. बँक, इस्पितळ, फोनचं दुकान, जिथे जाल तिथे ते कार्ड मागतात, यंत्रात खुपसतात, पडद्याकडे पाहून मान हलवतात आणि परत देतात. पडद्यावर माझ्याविषयी काय लिहिलंय हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हँडल परत करायचा क्रमही इथल्यासारखाच उलटा. आधी विधान, मग जोडणी तोडून जोडणीचं, शेवटी वातावरण. आमच्या मजल्यावरचे एक सातारकर गाव सोडून निघाले तेव्हा उत्साहाने स्वतःचा व्हिसा रद्द करायला गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, बायकोमुलांचे रद्द केलेत का? ते तुमच्या नावावर उभे आहेत. सातारकर हात हलवत परत आले. ओडीबीसीत हीच चूक केली की 'एचवाय शून्य एक शून्य' असा शेरा मिळतो. अर्थ, फंक्शनांचा क्रम चुकला. सातारकरांना शेरा मिळाला नाही, वहिनींचा मिळाला.

इतपत जमलं आणि मी चाचणी म्हणून डेटाबेसात माझं स्वतःचं नाव देवनागरीत घालून पाहिलं. पाटील. परत वाचलं तर आलं: पाच प्रश्नचिन्हं.

इथे थोडं मागे जायला हवं, टायपिंग सेंटरकडे. ज्यांनी आखात पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथले सरकारी अर्ज अरबीत, आणि अर्जदार सगळ्या जगाचे. म्हणून गल्लोगल्ली टायपिंग सेंटरं आहेत. आपण आपल्या भाषेत सांगायचं, तिथला माणूस अरबीत टंकतो, शिक्का, पैसे, पुढचा. संगणकाच्या भाषेत याला मार्शलिंग म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर एक पेशावरी तरुण होता. पासपोर्ट उघडून त्याने माझं नाव उजवीकडून डावीकडे टपाटप टंकलं. मी म्हटलं, "जरा पढ़ के सुनाओ."

"बातील."

"पाटील. प. प पतंग का."

"भाई, अरबी में प नहीं होता."

"आणि ट?" घाबरल्यावर मी मराठीत जातो.

"वो भी नहीं. जो है उसमें से सबसे नज़दीकवाला डाला है." आणि त्याने एंटर दाबलं.

ज्याचे पूर्वज गावाचा वसूल गोळा करायचे तो मी, एका बोटाच्या आघातात बातील झालो. घरी येऊन कोश पाहिला तर धक्काच बसला. आपण मराठीत 'रद्दबातल' म्हणतो ना, त्यातला बातल हा अरबी 'बातिल'च. अर्थ, निरर्थक, रद्द. त्याचा त माझ्या त-हून निराळ्या अक्षराने लिहितात, त्यामुळे कागदावर मी वाचलो. पण बँकेत कुणी मोठ्याने "बातील!" अशी हाक मारली की अजूनही वाटतं, माझा अर्ज नव्हे, मीच फेटाळला गेलोय.

तर डॉट नेट सीमेवर हेच करतं. काही सांगितलं नाही तर सी शार्प मजकूर जुन्या एकबाइटी साच्यात ओततं, आणि जे अक्षर साच्यात नसेल त्याच्या जागी 'सबसे नज़दीकवाला' घालतं. त्या सोयीचं नावच 'बेस्ट फिट मॅपिंग' आहे आणि ती आपोआप चालू असते. साच्यात फ्रेंच अक्षरं नसतील तर त्यांच्या डोक्यावरच्या मात्रा पुसून ती साधं इ देते. देवनागरीला मात्र तिच्याकडे जवळचं दूरचं कुणीच नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. पेशावरी पोराने निदान ब तरी दिला होता.

उपाय सोपा निघाला. मजकूर युनिकोड आहे असं बजावायचं आणि शेपटीला डब्ल्यू असलेली फंक्शनं बोलवायची. बोलावली. या वेळी परत आलं: पाटी.

शाळेची पाटी! मी चेट्टांना हाक मारली. "तीन अक्षरं आहेत," मी पडद्यावर बोट ठेवून मोजून दाखवलं, "पा, टी, ल. मी पाच अक्षरांची जागा ठेवलीय. तरी शेपूट कापलं." चेट्टांना मराठी येत नाही, पण मल्याळम येतं, आणि काना-मात्रांचं दुःख सगळ्या भारताचं एक आहे. त्यांनी कागद घेतला. प, काना, ट, दीर्घ वेलांटी, ल. संगणकाच्या लेखी पाच. प्रत्येकी दोन बाइट, दहा. शेवटचं शून्य, आणखी दोन. माझ्यासारखा तीन अक्षरी माणूस बारा बाइटांचा असतो. मी दहाच दिले होते, ड्रायव्हरने त्यातले दोन शून्यासाठी राखले आणि उरलेल्या आठांत मावला तेवढा पाटील बसवला. पुन्हा मागितलं असतं तर त्याने उरलेला 'ल' बशीत घालून दिला असता.

आणि हे सगळं करताना त्याने मला काय कळवलं? यश. फंक्शन अयशस्वी झालं नव्हतं. ओडीबीसीच्या उत्तरांत शून्य म्हणजे यश, वजा एक म्हणजे चूक, शंभर म्हणजे माल संपला, आणि एक म्हणजे 'यश, माहितीसह'. हे शेवटचं उत्तर रचणाऱ्याने पुण्यात काही काळ काढला असावा, अशी मला दाट शंका आहे. आमच्या नारायण पेठेतल्या आत्याकडून असाच निरोप यायचा. "प्रवास उत्तम झाला. सगळे सुखरूप." मग श्वास घेण्याइतकी विश्रांती. "फक्त तुझी बॅग आली नाही." तुम्ही पहिल्या वाक्यावर फोन ठेवलात तर दोष आत्याचा नाही.

आत्यावरून आठवलं, खरं पुणं तर विंडोजच्या फोल्डरांत आहे. ६४ बिटी यंत्रावर ६४ बिटी फायली असतात 'सिस्टिम ३२' नावाच्या फोल्डरात, आणि ३२ बिटी फायली असतात 'सिसवॉव ६४' नावाच्या फोल्डरात. ओडीबीसीची जोडणी करायचं साधन दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे त्याचं नाव एकच, शेवटी ३२ लावलेलं. जुन्या प्रोग्रॅम्सची मोडतोड होऊ नये म्हणून जुनी नावं तशीच ठेवली, एवढंच कारण. १९२३ साली बांधलेल्या पुलाला जे गाव शंभर वर्षांनंतरही 'नवा पूल' म्हणतं, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मला लागलं. मी अर्धा दिवस चुकीच्या घरात जोडणी करत होतो आणि बरोबर घरातून 'अशा नावाचं इथे कुणी नाही' असं उत्तर येत होतं.

पंगतीच्या पत्रावळीचा एक मुद्दा होता. फंक्शनला दिलेलं सामान स्टॅकवरून कुणी उचलायचं, बोलावणाऱ्याने की आलेल्याने, याच्या ३२ बिटी जगात दोन रीती आहेत, आणि दोघांनी वेगवेगळी धरली की कोसळतं. मी त्याचा रीतसर अभ्यास केला. नंतर कळलं, ६४ बिटी विंडोजमध्ये एकच रीत उरली आहे. असाच अभ्यास मी शाळेत शेर-पायलीच्या कोष्टकांचाही केला होता.

शेवटी मुख्य काम. गोदामाच्या ओळी ॲरेमध्ये भरायच्या, 'बाइंड पॅरामीटर' या फंक्शनला तो ॲरे दाखवायचा (या फंक्शनला दहा गोष्टी पुरवाव्या लागतात, सत्यनारायणाला कमी लागतात), आणि मग 'एक्झिक्यूट' म्हणायचं, की सगळ्या ओळी एकदम पलीकडे. पहिल्या रात्री पंचवीस हजार ओळी गेल्या. चहा संपायच्या आत. पोतं न् पोतं जुळलं. साहेबांनी खालच्या टपरीवरून सगळ्यांना करक चहा मागवला, आणि मी चेट्टांशी बरोबरीच्या नात्याने बोलू लागलो.

त्यानंतर रोज फक्त बदललेल्या ओळी जायच्या. दोनशे, तीनशे. चौथ्या दिवशी गोदामातून सुपरवायझरचा फोन आला. "सर, बासमती माइनस में है." मी म्हटलं, बघतो. "और वेलदोडा अठारह करोड़ बोरी है. सर, इतना वेलदोडा दुनिया में है क्या?"

मी माझ्या टेबलावर तोच प्रोग्रॅम चालवला. बरोबर. दहा वेळा चालवला. दहाही वेळा बरोबर. गोदामात पुन्हा बिघडलं, तेही रोज नाही, वाटेल तेव्हा. डॉक्टरकडे नेलं की ताप उतरणारं मूल असतं ना, तसा हा बग होता. मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, नेटवर्कला घातल्या, एकदा वेलदोड्यालाही घातल्या. तीनशे ओळींना बिघडतं आणि पंचवीस हजारांना बिघडत नाही, हे तर कुठल्याच शास्त्रात बसेना. लहान ओझ्याने कणा मोडतो आणि मोठ्याने मोडत नाही?

चेट्टांनी एकच प्रश्न विचारला. "बाइंड और एक्झिक्यूट के बीच में तुम क्या करता है?"

"काही नाही. थोडी नोंद लिहितो, दोन-चार मजकूर जोडतो."

"बाइंड को तुमने क्या दिया? माल दिया?"

"ॲरे दिला."

"पता दिया, मोने," चेट्टा म्हणाले. "सिर्फ पता."

मग त्यांनी मला खाली बसवून सांगितलं. बाइंड काहीच वाचत नाही, ते फक्त ॲरेचा पत्ता लिहून घेतं. वाचतं ते पुढे, एक्झिक्यूटच्या वेळी. डॉट नेट मोठं सभ्य. ॲरे सीमेपलीकडे दाखवताना तेवढ्यापुरता तो जागच्या जागी धरून ठेवतं. पण बाइंड परतलं की त्याच्या मते भेट संपली, ते हात सोडतं. मधल्या काळात मी जोडत बसलेल्या मजकुरांनी जागा भरते आणि गार्बेज कलेक्टर झाडू घेऊन येतो. तो नुसता कचरा उचलत नाही, उरलेल्यांना सरकवून दाटीवाटीने बसवतो, म्हणजे मोकळी जागा सलग मिळते. आमच्या सी शार्पच्या बाजूच्या सगळ्यांना ॲरेचा नवा पत्ता त्याच क्षणी कळतो. पलीकडच्या ड्रायव्हरला कळवणारं कुणी नाही. तो जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे जे कुणी राहायला आलं असेल त्याला साठा समजून उचलतो. माझ्या टेबलावर झाडूवालाच यायचा नाही, म्हणून सगळं बरोबर.

"खानसाब," मी म्हणालो.

"कौन?"

मी त्यांना तीन कार्टनवाल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. चेट्टा इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आपोआप आला.

पंचवीस हजारांचं गूढही तिथेच सुटलं. ८५ हजार बाइटांच्या पुढच्या वस्तू डॉट नेट वेगळ्या दालनात ठेवतं आणि एरवी त्यांना सरकवायच्या भानगडीत पडत नाही, कारण एवढं धूड उचलून दुसरीकडे ठेवण्यातच वेळ जातो. पंचवीस हजार ओळींच्या आकड्यांचा माझा ॲरे एक लाख बाइटांचा. तीनशेचा, बाराशे बाइटांचा. लग्नाच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफर पोरासोरांना "तू जरा इकडे, तू पुढे" करत फिरवतो, पण मधल्या खुर्चीवर बसलेल्या शंभर किलोच्या काकांना कुणी हलवत नाही. माझा पहिल्या रात्रीचा ॲरे काका होता, म्हणून फोटो सुरेख आला.

उपाय म्हणजे ॲरेला टाचणी लावणे. शब्दच 'पिन' आहे. जीसीहँडल घेऊन त्याला सांगायचं की हा हलणार नाही, आणि तो पत्ता बाइंडला द्यायचा. लावली. बासमती अधिकात आली, वेलदोडा माणसांत आला. मी पुन्हा ऐटीत चालू लागलो. आठवड्याने यंत्राची मेमरी फुगून बसली, कारण टाचण्या लावल्या त्या काढायला मी विसरलो होतो. काढायला गडी येत नाही. टोचलेल्या वस्तू झाडूवाल्याच्या वाटेत खांबासारख्या उभ्या राहतात आणि तो त्यांच्याभोवतीने झाडत बसतो. हे घरी सांगितलं तेव्हा बायको ताटं उचलत होती. ती म्हणाली, "अहो, म्हणजे तिथेसुद्धा?" आणि दोन्ही ताटं माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून दोन्ही मुलखांत घासतो.

परवा रात्री साडेनऊला तेच करत होतो. फोन वाजला. ओल्या हाताने उचलला.

"खानसाब, तीन कार्टन लाया हूँ. चौसा. अबके बहुत मीठा है."

नेहमीचं वाक्य तोंडावर आलं होतं. पण एकदा पत्ता बदलला आणि कुणी कळवलं नाही की काय होतं, हे अठरा कोटी पोती मोजल्यावर माणूस विसरत नाही. मी विचारलं, "चाचा, किधर हो?"

"लॅम्सी के पीछे."

म्हणजे नसलेल्या माणसाला फोन लावून हा म्हातारा नसलेल्या दुकानाच्या मागे उभा होता, आणि तो नक्की कुठल्या खांबाखाली उभा असेल हे मला घरात बसून दिसत होतं. मी चप्पल घातली. उन्हाळ्याची दमट रात्र, लिफ्टबाहेर पडताच चष्मा धुक्याने भरला. खांबाखाली एक जुनी पिकअप, मागचं फळकूट उघडं, आंब्यांचा घमघमाट, शेजारी मेंदी लावलेल्या दाढीचा म्हातारा. हापूसवाल्याने चौशाचं कौतुक करू नये असा आमच्याकडे दंडक आहे, पण वास खरंच बरा होता.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खानसाब?"

"खानसाब तो कबके चले गए, चाचा," मी म्हणालो. "मैं बातील."

त्याने ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. त्याला त्यात काही गैर दिसलं नसावं.

"अच्छा. बातील साब," म्हातारा पहिलं कार्टन माझ्या हातात देत म्हणाला, "गिन लो. तीन हैं."